पाचव्या रात्रीचं पाणी

रात्री पावणेतीनला लुना काढतो.
चार फुटी लोखंडी चावी मागे आडवी बांधलेली.
कुत्री तिचा खडखडाट ओळखतात, भुंकत नाहीत.
जोडबसवण्णा चौकातलं झाकण उचललं की
आधी झुरळं निघतात, मग गंजाचा वास.
ओणवं होऊन अठरा फेरे मोजायचे.
उजनीहून इतक्या लांब आलेलं पाणी
पाइपात खाकरतं, हवा थुंकतं,
आणि गल्लीभर नळ एकदम बोलायला लागतात.

पाच दिवसांतून एकदा.
प्रत्येक गल्लीला पंचेचाळीस मिनिटं.
डायरीवर सही साहेबांची;
घड्याळ मात्र दुसऱ्याच कुणाच्या नजरेसमोर चालतं,
हे मी कुणाला सांगत बसत नाही.

"सोड की बे दहा मिनिटं. कोण बघलालाय?"
हॉटेलवाला चहा पुढे करतो,
बशीखाली पन्नासची घडी.
चहा पितो. घडी तिथंच ठेवतो.
यात मोठेपण काही नाही,
पन्नासला नको म्हणणं सोपं असतं.

अवघड गेलं ते मे महिन्यात, आमच्याच गल्लीत.
लेक बाळंतपणाला आलेली.
प्रिस्का दुपट्यांचा ढीग घेऊन नळाखाली बसली होती,
आणि पंचेचाळीस झाली.
मी चावी धरून उभा राहिलो.
बावीस मिनिटं उभा राहिलो.

सहाला मेन बंद होते.
म्हणजे बावीस मिनिटं कापली गेली
ती अगदी शेवटच्या गल्लीची.
कुणी तक्रार केली नाही. तेच वाईट.

रविवारी उपासनेत दहा आज्ञा म्हणताना
आठवीपाशी माझा आवाज बसला.
कुणाचा चमचासुद्धा कधी उचलला नव्हता मी.
पाणी उचललं होतं,
तेही हात न लावता,
नुसतं उभं राहून.

संध्याकाळी गेलो शेवटच्या गल्लीत, सांगायला.
नरसव्वा मेरगू उंबऱ्यात विड्या वळत होती,
मांडीवर सूप, सुपात तंबाखू.
पानं कोरडी पडून कडेला तडकलेली.
म्हटलं, अक्का, त्या रात्री तुमचं पाणी मी खाल्लं.
ती हसली. दोरा दातानं तोडला.
"त्याच रात्री का रे? वरचे सगळे मोटरी लावतात.
इथं रोजच करंगळीएवढी धार.
एक घागर भरली की तुझा टाइम संपतो."

अकरा वर्षं.
अकरा वर्षं मी घड्याळ बरोबर दाखवत होतो
आणि स्वतःला नीतिमान समजत होतो.

डायरीत लाल पेनानं बावीस लिहिले. साहेब ओरडले.
खालच्या गल्लीला आधी सोडा, असा अर्ज दिला;
तो अजून कुठल्यातरी टेबलावर आहे.
प्रिस्काला सगळं सांगितलं.
ती काही बोलली नाही, दुपटी वाळत घालत राहिली.
पण पाचव्या रात्री, धुण्याला हात लावायच्या आधी,
तिनं दोन घागरी भरून बाजूला ठेवल्या.
आमच्याच पंचेचाळिसातल्या.

तेव्हापासून लुनाच्या हँडलला दोन घागरी असतात.
खड्डा आला की पाणी हिंदकळतं, पँट भिजते,
पहाटे पोटऱ्यांना गार लागतं.
नरसव्वा विचारते, "तुझा देव सांगतो का रे असं?"
मला नीट उत्तर येत नाही. पाळकांना आलं असतं.
मला फक्त तो आठवतो,
कमरेला टॉवेल गुंडाळून खाली बसलेला,
बारा जणांचे धुळीचे पाय एकेक करून धुणारा.
(टॉवेल आपल्या सोलापुरी टॉवेलसारखाच जाड असणार,
असं मला उगाच वाटतं.)
त्याच्या गावाला पाणी किती मिनिटं यायचं,
ठाऊक नाही.
त्यानं पाय मोजून धुतले नाहीत,
आणि एकही पाय सोडला नाही,
त्या एकाचासुद्धा.

सहा वाजले. मेन बंद.
अठरा फेरे उलटे.
उद्या साखर पेठेची पाळी.