दारावरचं नाव

टोलीडोच्या जुन्या क्रीडागृहात
प्रशिक्षकाच्या खोलीला काचेचं दार आहे.
त्यावर मी नावं लिहितो, आणि खरवडतोही.
मजुरी दोन्हीची सारखीच.

पहिला ऑर्विल स्टानेक. संघाची बसही तोच हाकायचा.
हरून परतताना रात्रभर अवाक्षर काढायचा नाही,
जिंकल्यावरही नाहीच.
त्याचं नाव माझ्या बापानं सोनेरी वर्खात काढलेलं,
नऊ वर्षं टिकलं.

मग डेलबर्ट. मग शिट्टी गिळल्यासारखा दिसणारा फिंच.
मग व्रुब्लेव्स्की: आडनाव लिहायला मला दोन दिवस,
आणि तो टिकला अकरा सामने.
नाताळच्या आदल्या दिवशी मालकाचा फोन आला,
त्याला आधी, मग मला.

लूथर गेन्सनं मात्र चषक आणला.
गावानं त्याला खांद्यावर घेतलं;
दोन हंगामांनी तेच खांदे उडवले.
पातं घेऊन गेलो तर तो खोकी भरत होता.
"आण इकडे," म्हणाला, आणि स्वतःच खरवडू लागला.
पहिलं अक्षर काही निघेना.
मी चहा आणायच्या निमित्तानं
बराच वेळ बाहेर राहिलो.

दुपार कलली की नदीकडून ऊन येतं,
काचेवरचे सगळे ओरखडे एकदम पेटतात,
एकात एक गुंतलेले.
कोणाचं कुठलं, मलाही सांगता येत नाही.

उद्या नवा येतोय. फार हुशार आहे म्हणे.
मी एवढंच विचारलं,
नाव किती अक्षरी?