कंबरेत दोन बोटं

एतेरीचा कोट मी पुन्हा आत घेतला,
कंबरेत दोन बोटं.
फेब्रुवारीत एक घेतलं होतं.
तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाली असती,
नुनू, लोकर सैल पडते गं.
चाळीस वर्षांत मी लोकर सैल पडलेली पाहिली नाही.
माणसं पाहिली.

सकाळपासून ती पडद्याआड
एक आकडा म्हणून बघतेय.
चार लाख. चार लाख डॉलर. चार...
दर वेळी तिथेच उसवतं.
समोर डमी, बिनडोक्याची,
आधीच्या सतरा जणांपेक्षा बरी:
निदान घड्याळ बघत नाही.

तीन वाजता स्क्रीनवर तिघं आले.
एकानं विचारलं, रनवे किती उरलाय तुमचा?
मला वाटलं पोरींच्या चालण्याचं विचारतोय,
मी मनात फरश्या मोजायला लागले.
एतेरी म्हणाली, अकरा आठवडे.
पगार धरून की सोडून,
हे त्यानं विचारलं नाही.

मग अस्तर पॉलिएस्टरचं का नको,
बाह्या तुर्कस्तानातून का नकोत,
आणि आम्ही चौघी कुठल्या रकान्यात बसतो.
ती कोट दाखवायला उभी राहिली.
कोट चपखल बसला होता.
आवाजही बसला होता.

कळवतो, म्हणाले.
स्क्रीन काळी झाली, तिच्यात तिचंच तोंड.
झोपेत दात खाते म्हणून डॉक्टरनं दिलेली
प्लास्टिकची कवळी तिनं खिशातून काढली
आणि धरून बसली,
कुणाचं तरी विसरून राहिलेलं हसू असावं तशी.

बावीस वर्षं मी रेल्वेचे गणवेश शिवले
नदीपलीकडच्या कारखान्यात.
तिथेही पगार लांबायचा,
पण लांबवणाऱ्याचं तोंड दिसायचं नाही.

मी तिला वाकड्या शिवणीची एक बाही दिली.
म्हटलं, ओढू नकोस.
दर तिसरा टाका काप, बाकीचे आपसूक सुटतात.
मनगटापासून वीतभर ती रडली.
कोपरापाशी गप्प झाली.
काखेत पोचली तेव्हा विचारलंन,
एवढी वाकडी शिवण घातली कुणी?
मीच, म्हटलं. काल. चष्म्याशिवाय.
ती हसली की खोकली, कळलं नाही.
खाली ट्रॉलीबस गेली, खिडकीच्या काचा हलल्या.

मला पगाराचं विचारायचं होतं.
दोन महिन्यांचा.
ओठांपर्यंत आलं होतं,
पण तोंडात टाचण्या होत्या,
आणि हात तिच्या कोटात.