बाहेरची हवा बंद

गाडीला नाक असतं हे मालकांना माहीतच नसतं.
ग्लोव्हबॉक्स उघडायचा, त्याचे दोन्ही गाल आत दाबायचे,
तो खाली लोंबला की मागे एक काळी पट्टी दिसते.
पट्टीआड फिल्टर,
पेटीच्या भात्यासारखा, घड्या घड्यांचा.

मी तो जुन्या पेपरवर उपडा करून दोनदा ठोकतो
आणि गाडी कुठं कुठं फिरली ते सांगतो.
पादऱ्याकडची असेल तर कापसाचे तंतू.
नवरात्रीनंतर आठवडाभर सगळ्यांची एकच कथा,
मैदानावरची मऊ, तुडवून तुडवून पीठ झालेली माती.
नंदेसरीला रोज जाणारी असेल तर पिवळट भुकटी,
वास घेतला की जीभ आंबते.
एकदा घोरपड्यांच्या गाडीत उंदरीण बाळंत झाली होती,
दत्तमंदिराच्या वर्गणीच्या पावत्या कुरतडून
तिनं गादी केलेली.
घोरपडे म्हणाले, तरीच म्हटलं पावत्या गेल्या कुठं.

मकरपुरा रोडला माझी शेड. वर पत्रा, मे महिना.
गाडी आत गार व्हावी म्हणून मी बाहेर तापतो,
यात तक्रार नाही, हा धंदाच आहे.
फक्त फिल्टर हवेच्या नळीनं फुंकला
की त्यातलं सगळं उडतं ते माझ्याच अंगावर.
रुमाल बांधतो. संध्याकाळी शिंकरलं की रुमाल पिवळा.
छातीचा फोटो काढून आणलाय दिवाळीतच,
गल्ल्याखाली आहे. पाकीट अजून फोडलं नाही.

परवा हर्षद अमीन आले, प्लांटवर शिफ्ट बघतात.
मुलगी सातव्या महिन्यातच झाली,
सव्वीस दिवस काचेच्या पेटीत होती,
उद्या घरी आणायची.
"अंदरथी एकदम चोख्खी करी आपो, वामनभाई."
त्यांनी भाव विचारला नाही.
भाव न विचारणारा माणूस म्हणजे जोखीम असते.

कॉइलवर फेस मारला. खालच्या नळीतून
काळं पाणी आलं, मग चहाच्या रंगाचं, मग साधं.
ओल्या गोधडीचा वास होता, तो गेला.
कोळशाचा फिल्टर टाकला, भारीतला.
कोळसा वास पितो, असं मी गिऱ्हाइकांना सांगतो.
किती दिवस पितो ते सांगत नाही.

मग चाचणी.
काचा वर, जाळीत थर्मामीटर खोचलेला,
आणि ते बटण: गाडीचं चित्र, पोटात वळलेला बाण.
बाहेरची हवा बंद. आतलीच आत फिरते.
एकतीस. चोवीस. अकरा.
नियम दहा मिनिटांचा आहे. मी पंधरा बसतो,
पोरगं काचेबाहेर ओठ हलवतं, मला ऐकू येत नाही.
सात.
दिवसभरात एवढीच हवा माझ्या वाट्याची,
तीही परक्या सीटवर, पाय कागदावर ठेवून.
छान लागते. खोटं कशाला बोलू.

मग मला खोकला आला.
कोरडा, दोनच उबळी,
आणि हात बटणावरच राहिला.
आतलीच आत फिरते.
उद्या याच सीटवर ती, कापडात गुंडाळलेली,
आपली नाकपुडी नुकती वापरायला शिकलेली.

उतरलो. चारी दारं उघडली.
समोर भजीची कढई, ट्रकचा धूर, रस्त्याची धूळ,
सगळं बिनदिक्कत आत शिरलं.
म्हणजे माझा श्वास काढायचा
तर गावाचा आत घ्यायचा.
मी उन्हात उभा राहून थोडा हिशेब केला,
जुळला नाही.

दारं लावली. इंजिन चालू, पंखा चारवर,
आत कुणी नाही. आणखी वीस मिनिटं.
कोळसा पितोय तेवढा पिऊ दे.
पेट्रोल माझं. बिलात धरलं नाही.
मी बाहेरून काचेला हात लावून बघत होतो
गार होतेय का.

अमीन आले तेव्हा काचेवर पाच बोटं होती, ग्रीसची.
शर्टाच्या बाहीनं पुसायला गेलो,
आणखी पसरली.