जामचा घाट

महू सुटल्यावर मी रेडिओ बंद केला.
वळणं ऐकू यायला हवीत, असं काहीतरी म्हणालो.
जाम दरवाजापाशी सगळ्यांनी फोटो काढले,
मी एकेका टायरला बुटाने टोचून पाहिलं,
जणू मला त्यातलं कळतं.
इंदूरहून निघतानाही तेच केलं होतं.

मग उतार.
दुसरा गिअर. दुसराच.
मागे मेहुणे देवदत्त शेवेची पुडी फोडून बसलेले,
दर वळणाला विचारतात, "खाली किती असेल हो?"
हिने तिच्या बाजूचा नसलेला ब्रेक
इतका दाबलाय की पायपुसणं सरकलं.

एक बस वर येते, अख्खा रस्ता घेऊन.
मी आरसा मिटून डोंगराला चिकटतो.
तिचा ड्रायव्हर, दातात काडी,
एका हाताने बोलावतो: या, या, अजून या,
पंगतीत जागा करून द्यावी तसा.

वीतभर राहिलं असेल.

खाली निमाड, पिवळं, सपाट.
देवदत्त म्हणाले, "चला, संपला घाट!"
परतताना तोच चढायचाय, हे कुणी बोललं नाही.

महेश्वरला नाव हलली तेव्हा पाहिलं:
हिचा पाय फळीवर दाबलेलाच.
माझाही.