फुंकर

रबाळ्यात, गाळा नंबर एकोणचाळीस.
शेजारी बिस्किटांच्या पुड्यांचा छापखाना,
मागे पारसिकची फोडलेली कड.
इथे आम्ही एक नळी हलकी करतो आहोत.
दोन वर्षं झाली.

नळी हातभर. आत कागदाहून पातळ टायटॅनियम,
वरून कार्बनचा धागा, राळेत भिजवून गुंडाळलेला.
पोटात जाळी, जाळीत चमचाभर पाणी.
एक टोक तापतं, पाणी वाफ होऊन पळतं,
दुसऱ्या टोकाला निवतं, जाळीतून मागे झिरपतं.
पंप नाही. समईत तेल चढतं तसं,
फक्त ज्योत नको आहे कुणाला.

धागा हरेश्वर तांडेल गुंडाळतो.
दिवाळ्याचा, साठीला टेकलेला.
आधी फायबरच्या होड्या करायचा,
खाडीत मासळी आटली, मग होड्याही.
पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं,
"मॅडम, वर तर थंडी असते ना?
मग गार करायचं काय एवढं?"
थंडी आहे, म्हटलं, वारा नाही.
यानात अणूची भट्टी, लहानशी, कायम पेटलेली,
आणि तिथे चहावर घालायलाही फुंकर नाही.
जे तापलं त्यानं अंधाराकडे तोंड करून बसायचं,
आपली धग आपणच बाहेर पाठवत राहायची.

बराच वेळ चाक फिरत राहिलं.
मग तो म्हणाला,
"आमचा बाप असाच बसायचा ओट्यावर,
सिडकोचा चेक आला त्या वर्षी."

चौदावी नळी भरली चारशे बारा ग्रॅम.
हवी होती चारशे.
धाग्याचा एक थर कमी केला.
हरेश्वरनं नखानं टिचकी मारली,
"बोलते नीट," म्हणाला.
शंभर वेळा तापवायची, शंभर वेळा निववायची.
त्र्याऐंशीव्या खेपेला गळतीचा काटा हलला.
धातू फुगतो, धागा फुगत नाही.
एका राळेत राहायचं तर
दोघांचं तापणं जुळायला हवं,
हे मला पुस्तकातून माहीत होतं,
त्याला नव्हतं, असं मी समजत होते.

शुक्रवार. एमआयडीसीची वीज गेलेली.
हातानंच आरी चालवून त्यानं ती कापली.
उरलंसुरलं पाणी त्याच्या तळहातावर आलं,
हजारो फेऱ्या मारून दमलेलं.
कोमट होतं की काय कोण जाणे,
त्यानं त्यावर फुंकर घातली.

मग वहीत पंधराव्या नळीचा आकडा काढला.
पेन उठेना,
म्हणून पेन्सिलीनं.