दोरा

वाळपईला, माझ्या जेवणाच्या टेबलावर
नकाशा पसरलाय. चार कोपऱ्यांवर वजनं :
मिठाची बरणी, टॉर्च, सोलांची पुडी
आणि ऑर्लांदचा कोपर.

शिवणाच्या डब्यातला लाल दोरा मी ओला करते
आणि वाटेवरून चालवते बोटांनी, मुंगीच्या वेगानं,
प्रत्येक वळणाला नख टेकवून.
सरळ रेषेत मोजतो तो नवखा.
डोंगरात सरळ असतं ते फक्त पडणं.

शेचाळीस सेंटीमीटर भरला.
म्हणजे तेवीस किलोमीटर, कागदावर.
पायांना कागद कधीच पटत नाही.

“उजवीकडून जाऊया,” उल्हास म्हणतो,
“सोंड लांब आहे, पण सावलीची.”
“आणि घळ उतरायची? दुपारी तीनला?”
ऑर्लांद पावाचा तुकडा त्या जागी ठेवतो
जिथं उंचीच्या रेषा इतक्या जवळ आल्यात
की भाटावरून भांडलेल्या सख्ख्या भावांची घरं,
भिंत एक, बोलणं बंद.

मी म्हणते, डावीकडून.
देवळाला घालतो तशी, डोंगर उजव्या हाताला.
घळ चढायची असते.
सुटे दगड चढताना नुसत्या शिव्या खातात,
उतरताना घोटा मागतात.
कुणी वाद घालत नाही. त्या घळीत
माझं एक नख आणि पावणेदोन तास गेलेत,
हे तिघांनाही पाठ आहे.

पाणी दोनच ठिकाणी.
पहिलं नकाशावर निळं आहे, म्हणून भरवशाचं नाही.
दुसरं मी पेन्सिलीनं काढलेलं, अठ्ठ्याण्णव साली :
बिरो झोऱ्याच्या म्हशींनी ते शोधलं,
बिरोनं म्हशींकडून ऐकलं, मी बिरोकडून.
फेब्रुवारीत तिथं ओंजळ भरायला
एक अख्खं भांडण मिटेल इतका वेळ लागतो.
पान लावा धारेला. कुड्याचं नको, कडू होतं.

सुलक्षा सगळं लिहून घेतेय.
आरोग्य केंद्रातली रात्रपाळी करून आलीय,
अक्षर तरी सरळ.
पहाटे चार पस्तीसला निघायचं.
अकरापर्यंत माथा नाही आला तर परत,
माथा समोर दिसत असला तरी परत,
दिसत असला तर आधी परत.
मध फुटलेल्या कड्याखाली बोलायचं नाही,
अत्तर नको, ऑर्लांद, तुलाच सांगतेय.

वनखात्याच्या अर्जावर नावं तीन.
कारकुनानं मान वर केली होती :
“बाई, चौथं?”

जिना उतरताना माझ्या गुडघ्यातला धातू
माझ्याआधी एक पायरी मोजतो.

तर चौथीचं काम असं.
गाडी जांभळीखाली. थर्मास, कोरडे मोजे, बर्फ.
पाचला वाट बघायला लागायचं,
सातला काळजी,
साडेआठला पुलापर्यंत गाडी न्यायची,
तिथं दोन रेघा रेंज येते,
आणि एक नंबर फिरवायचा.
पाच ते साडेआठ या साडेतीन तासांत
काय करायचं, ते सुलक्षाच्या वहीत नाही.
मी सांगितलं नाही. मला येत नाही ते अजून.

जाताना उल्हास म्हणाला, “तू असतीस तर”
आणि चपला शोधत बसला, पायात होत्या.

टेबलावर दोरा वाळलाय, आकार धरून,
एक वेडावाकडा लाल वेढा.
दोन्ही टोकं जिथं भेटतात
तिथं माझ्या नखाची खूण आहे.
पावाचा चुरा झटकते. रोट कागदात बांधून
सुलक्षाच्या पिशवीसाठी बाजूला ठेवते,
सीमेवरच्या देवचाराचा.
मी मानत नाही. त्यालाही माहीत आहे.
तरी दरवेळी ठेवलाय.

मग मागच्या दारानं बाहेर.
चार पायऱ्या, कठड्याला धरून.
माडाचं आळं, न्हाणीची चूल, शेजाऱ्यांचं झोपलेलं कुत्रं,
विहिरीकडे थोडा चढ, तिथं थांबते,
श्वास नाही, गुडघा मोजते.
पुढच्या दारानं आत.
घराला एक फेरी : एकशे बारा पावलं.

डावीकडूनच.