एकसष्ट किलो, पिस्टनसकट

बंदा नैराच्या विमानतळावर माणसालाही तोलतात.
बाबा काट्यावर चढले, काखेत
लुंगीच्या फडक्यात गुंडाळलेला फुटका पिस्टन.
"तो खाली ठेवा," पोरगेला कारकून म्हणाला.
"कशाला? बंद पडलो ते दोघं एकदमच."
एकसष्ट किलो. वहीत तसंच लिहिलं.

बारा खुर्च्या. पाती फिरली
तसा बाबांनी कान दिला:
डावं इंजिन जरा खोकतंय.
ज्वालामुखी खिडकीशी येऊन उभा राहिला,
अंगावर जुन्या लाव्ह्याचा काळा ओघळ,
आणि पायाखालची चटई कुणी ओढावी
तसा सरकला.
कनारीच्या सावलीतल्या जायफळाच्या बागा,
मशिदीचा पत्रा,
आमच्या अंगणात वाळत घातलेली जायपत्री,
एक लाल ठिपका.
की ती शेजारच्या वा इमाची चादर?
इतक्या वरून खात्री देता येत नाही.

पलीकडचा पाहुणा, गळ्यात कॅमेरा,
बोटानेच विचारत होता, ते बेट कुठलं?
आय, बाबा म्हणाले. त्याच्यामागे रुन.
आणि ते, काळं, लांबट?
"ते बेट नाही, ढगाची सावली.
पण मासळी असते तिथं. तिलाही ऊन सोसत नाही."
पाहुण्याने सावलीचाही फोटो काढला.

मग नुसता समुद्र.
बाबांनी ज्यावर चाळीस वर्षं तांडेलकी केली,
ज्याने ला जुमाकाकाला ठेवून घेतलं
आणि डोक्याचं फडकं तेवढं परत दिलं,
तो.
इस्त्री केल्यासारखा पडला होता खाली.
"खोटं दाखवतंय हे," म्हणत
बाबा पडदा ओढायला गेले.
खिडकीला पडदा नव्हता.

नुसालाउत, सापारुआ, हारुकू,
हिरव्या बेटांना पांढऱ्या फेसाची काठपट्टी.
बाबांचे ओठ हलत होते.
मला वाटलं, दुआ.
ते नावं घेत होते,
बेटांची नाही, त्यांच्यामधल्या खडपांची,
नकाशात नसलेली,
आजोबांनी एकेक शिवीसकट शिकवलेली.
आणि सगळी खडपं आता
पाण्याखाली उघडी दिसत होती,
कासवं निजावीत तशी.
"इतकं सोपं होतं?"
हे मला विचारलं नव्हतं.

अंबोन. खाडी, खाडीवरचा पूल,
डोंगर चढता चढता दमलेली पत्र्याची घरं.
चाकं टेकली तेव्हा पाहुण्याने टाळ्या वाजवल्या,
बाबांनी पिस्टन घट्ट धरला.

तीन दुकानांनी माना हलवल्या.
चौथ्यात, रंगाच्या डब्यांमागे, मिळाला.
बाबांनी तो हुंगला, नखाने वाजवला,
भाव न करता पैसे मोजले.

परतीचं तिकीट बोटीचं काढलं.
रात्रभर जागायचं, उधाणाचे दिवस, वय पाहा,
मी बोलतच राहिले.
"विमानात काय वाईट होतं?"
"वाईट काहीच नाही," बाबा म्हणाले.
"वाटेत काही झालंच नाही."

आणि धक्क्यावर पाच तास आधी जाऊन बसले,
दोन्ही पिस्टन शेजारी,
ओलं बोट वर धरून.